विसण नळापाशी घालावे



स्मृतिव्याख्यानासाठी गरम पाण्याचा विषय घेतला, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. मालवणात बोलायचे तर नाटकावर बोलावे, समुद्रावर बोलावे. आरोग्यावरच बोलायचे झाले तर पावसाळ्यातला लेप्टो आहे, डेंग्यू आहे, दोडामार्ग-बांद्याकडचा माकडताप आहे. एवढे सगळे सोडून रुग्णालयाच्या न्हाणीघरातला नळ कशाला?

कारण त्या नळातून एक आजार येतो. आजाराचे नाव लीजनेअर्स डिसीज, त्याच्या जिवाणूचे नाव लेजिओनेला. हा एक प्रकारचा न्यूमोनिया आणि तो घातक असतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजाप्रमाणे या आजाराच्या दहा रुग्णांमागे एक दगावतो. लागण रुग्णालयात झालेली असेल तर चारामागे एक. मांडीचे हाड मोडले म्हणून माणूस दाखल होतो, शस्त्रक्रिया चांगली होते, आणि आठव्या दिवशी त्याला ताप भरतो, धाप लागते, तो असंबद्ध बोलू लागतो. घरचे म्हणतात, वय झाले होते. शेजारी म्हणतात, पडून राहिल्याने छातीत कफ झाला. नळाकडे कोणी पाहत नाही.

नळाकडे पाहावे, एवढेच आजचे मागणे आहे. हा आजार टाळता येतो. तो टाळण्याची रीत जगाला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. आणि कोकणच्या हवेत ती रीत पाळण्याची गरज थंड देशांहून जास्त आहे. तेव्हा तीन गोष्टी क्रमाने पाहू: हा जिवाणू सापडला कसा, गरम पाण्याच्या यंत्रणेत तो तग कसा धरतो, आणि आपल्याकडच्या रुग्णालयांनी काय करायचे.

जुलै १९७६. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या नामांकित हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले. अधिवेशन आटोपून मंडळी आपापल्या गावी परतली आणि काही दिवसांतच तापाने, न्यूमोनियाने अंथरुणाला खिळू लागली. एकंदर २२१ माणसे आजारी पडली, ३४ दगावली. सगळा देश हादरला. कोणी स्वाइन फ्लूचा संशय घेतला, कोणी निकेलच्या विषाचा. महिने गेले, कारण हाती लागेना.

जोसेफ मॅकडेड हे रोगनियंत्रण केंद्रातले शास्त्रज्ञ. त्यांनी त्या वर्षाच्या अखेरीस, नाताळच्या सुटीत, आधी तपासून बाजूला ठेवलेल्या काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. पहिल्या तपासणीत दुर्लक्षित राहिलेले काही जिवाणू त्यांना खटकले होते. तेच खरे गुन्हेगार निघाले. जानेवारी १९७७ मध्ये शोध जाहीर झाला आणि त्या माजी सैनिकांच्या संघटनेवरूनच आजाराला नाव मिळाले.

आता यातला खरा धक्का ऐका. जिवाणू सापडल्यावर शास्त्रज्ञांनी शीतकपाटांत जपून ठेवलेले जुने रक्तनमुने बाहेर काढले. १९६५ साली वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात न्यूमोनियाची मोठी साथ आली होती, ८१ रुग्णांना तिने गाठले होते, आणि तिचे कारण कधीच कळले नव्हते. ती साथ याच जिवाणूची होती. १९६८ साली मिशिगन राज्यातल्या पाँटिअॅक गावी एका कार्यालयातली जवळजवळ सगळी माणसे एकाच वेळी तापाने फणफणली होती. तिथेही हाच जिवाणू होता. ते कार्यालय होते त्या भागाच्या आरोग्य खात्याचे! म्हणजे फिलाडेल्फियाच्या अकरा वर्षे आधी हा आजार रुग्णालयात शिरला होता, माणसे मारून गेला होता, आणि त्याला नावसुद्धा नव्हते.

सिंधुदुर्गाला हा अनुभव परका नाही. माकडताप १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासानूरच्या जंगलात ओळखला गेला. आपल्या दोडामार्ग तालुक्यात त्याची नोंद झाली ती २०१६ च्या सुरुवातीला. काजूच्या बागेत जाणाऱ्या माणसांना ताप येत होता, माकडे मरून पडत होती. पण रक्ताचे नमुने तपासले गेले तेव्हा कुठे त्या तापाला नाव मिळाले, आणि नाव मिळाल्यावर लसीकरण सुरू करता आले, गोचिडींपासून सांभाळायला सांगता आले. लेजिओनेलाच्या बाबतीत आपण आज नाव मिळण्याआधीच्या अवस्थेत आहोत. ‘आपल्याकडे असली काही भानगड नाही,’ असे कोणी सांगितले तर त्याला एकच विचारावे: शोधली होती का? दिल्लीच्या एम्समधल्या सूक्ष्मजीवतज्ज्ञांनी रुग्णालयाच्या नळांचे पाणी तपासले. त्यांना हा जिवाणू सापडला. ज्यांनी शोधले त्यांना मिळाला.

नळाशी याचा संबंध जुळला तो १९८० साली, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना हा न्यूमोनिया झाला, आणि त्याच विभागातल्या शॉवरमध्ये हाच जिवाणू मिळाला. प्रत्यारोपण म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली. अशा माणसाला स्वच्छतेसाठी आंघोळ घातली जाते आणि त्या आंघोळीतूनच जिवाणू त्याच्या फुफ्फुसात जातो. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्याच स्टॅफर्डच्या जिल्हा रुग्णालयात वातानुकूलन यंत्रणेच्या कूलिंग टॉवरमधून साथ पसरली आणि २८ जण गेले. ते रुग्णालय उघडून फार वर्षे झाली नव्हती. इमारत नवी आहे म्हणून पाणी निर्धोक आहे, हा समज तिथेच संपला.

पुढचे उदाहरण अधिक बोलके आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे माजी सैनिकांचे रुग्णालय लेजिओनेलाच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जाई. पाण्यात तांब्याचे आणि चांदीचे आयन सोडून जिवाणू मारणारी यंत्रणा तिथे बसवलेली होती. तरीही २०११ आणि २०१२ मध्ये त्याच रुग्णालयात साथ आली आणि किमान ५ रुग्ण दगावले. यंत्र होते, पैसा होता, ज्ञान तर त्याच आवारात तयार झाले होते. मग कमी काय पडले? रोजची देखरेख. आणि ही जुनी गोष्ट समजू नये. २०२५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ११४ जणांना हा आजार झाला, ७ जण गेले. ज्या कूलिंग टॉवरांशी ती साथ जुळली त्यांत खुद्द हार्लेम हॉस्पिटलच्या छतावरचे टॉवर होते.

आता दुसरी गोष्ट. हा जिवाणू गरम पाण्यात राहतो कसा?

लेजिओनेला नद्यांत, तळ्यांत, ओल्या मातीत सगळीकडे थोडाथोडा असतो. तिथे तो कोणाला फारसा त्रास देत नाही. पाण्यातले अमीबा त्याला गिळतात आणि तो पचून न जाता त्यांच्या पोटात वाढतो. आपल्या फुफ्फुसात ज्या पेशी जंतू गिळून मारतात, त्यांच्यावरही तो हीच युक्ती वापरतो. रक्षण करणाऱ्या पेशीतच त्याचे घर होते. म्हणून न्यूमोनियाला नेहमी दिली जाणारी पेनिसिलिनच्या कुळातली औषधे त्याच्यावर चालत नाहीत. पेशीच्या आत शिरणारी अॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे लागतात.

त्याला वाढायला काय लागते? चार गोष्टी: कोमट पाणी, साचलेले पाणी, पाइपाच्या आतला बुळबुळीत थर आणि थोडेसे लोह. यांतली सर्वांत महत्त्वाची कोमटपणाची. २० अंश सेल्सिअसच्या खाली तो निपचित पडून राहतो. २० ते ४५ अंशांत वाढतो, आणि ३५ ते ३७ अंशांत, म्हणजे माणसाच्या अंगाएवढ्या उबेत, सर्वांत जोमाने वाढतो. ५० अंशांवर त्याची वाढ थांबते आणि काही तासांत तो मरू लागतो. ६० अंशांवर काही मिनिटे पुरतात. ७० अंशांवर तो टिकतच नाही.

हे आकडे कानात ठेवून रुग्णालयाच्या गिझरकडे पाहा. रुग्णाला भाजू नये म्हणून, आणि विजेचे बिल कमी यावे म्हणून, तो ४० ते ४५ अंशांवर लावून ठेवलेला असतो. दोन्ही हेतू चांगले आहेत. पण त्याच आकड्यावर जिवाणूची शेती पिकते. विजेच्या गिझरमध्ये आणखी एक अडचण असते. गरम पाणी वर चढते आणि कॉइलच्या खालचा तळ कोमट राहतो; गाळही तिथेच बसतो. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये घरोघरचे गिझर तपासले गेले तेव्हा विजेच्या सुमारे ४० टक्के गिझरांत लेजिओनेला मिळाला. तेलावर किंवा गॅसवर, म्हणजे तळातून तापणाऱ्या गिझरांत तो मिळाला नाही.

मग उपाय कोणता? तो आपल्या आजीला ठाऊक होता. चुलीवरच्या तांब्याच्या हंड्यात पाणी कढत तापवायचे, बादलीत ओतायचे, आणि आंघोळीला बसताना वरून थंड पाण्याचे विसण घालायचे. हंड्यातच विसण घालून पाणी तासन् तास कोमट ठेवून देणे कोणत्याही घराला सुचले नाही. रुग्णालयालाही नेमके हेच करायचे आहे. टाकीत पाणी कढत ठेवायचे, पाइपांतून कढतच फिरवायचे, आणि विसण घालायचे ते अगदी शेवटी, नळापाशी. या कामासाठी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह नावाची झडप मिळते. ती नळाजवळ बसवली की गरम आणि गार पाणी मापाने मिसळते आणि नळातून ४१ ते ४३ अंशांचे पाणी येते. रुग्ण भाजत नाही, टाकीतला जिवाणू वाचत नाही. ६० अंशांचे पाणी अंगावर पडले तर पाचेक सेकंदांत कातडी जळते, लहान मुलांची त्याहून लवकर. म्हणून झडप न बसवता नुसता गिझर चढवणे, हाही गुन्हाच होईल. झडपेपासून नळापर्यंतचा पाइप मात्र आखूड हवा, कारण तेवढ्या तुकड्यात पाणी पुन्हा कोमट असते.

हे पाणी प्यायल्याने सहसा काही होत नाही, हेही सांगितले पाहिजे. जिवाणू फुफ्फुसात जावा लागतो. शॉवरच्या तुषारांतून, नळाच्या जोरदार धारेने उडणाऱ्या बारीक थेंबांतून, वाफाऱ्याच्या किंवा नेब्युलायझरच्या यंत्रातून, किंवा गिळण्याची ताकद गेलेल्या रुग्णाला ठसका लागून तो आत जातो. माणसाकडून माणसाला हा आजार लागत नाही असेच मानले जाते. तसे घडले असावे असे उदाहरण जवळजवळ नाहीच. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला घाबरायचे कारण नाही. २००८ साली सायप्रसमधल्या एका रुग्णालयात नवजात बाळांच्या खोलीत हवा दमट ठेवणारे यंत्र लावले होते. त्याच्या गार तुषारांतून ९ बाळांना लागण झाली, ३ बाळे गेली. यंत्र बाळांच्या भल्यासाठीच लावले होते.

आता तिसरी गोष्ट, आपल्या घरची. युरोपातली नियमावली सांगते: गरम पाणी गरम ठेवा, गार पाणी गार ठेवा. गार म्हणजे २० अंशांच्या खाली. श्रोतेहो, मालवणात २० अंशांच्या खालचे पाणी कोणत्या नळाला येते? पौषातल्या पहाटेचे दोन-चार तास सोडले तर हवाच तेवढी उतरत नाही. विहिरीचे पाणी वर्षभर २५ ते २८ अंशांच्या आसपास. आणि एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीतून भरदुपारी ‘गार’ पाण्याचा नळ सोडला तर तळहाताला चटका बसतो. याचा अर्थ असा, की युरोपला मिळालेली अर्धी ढाल आपल्याला मिळालेलीच नाही. आपले गार पाणी बाराही महिने जिवाणूच्या सोयीचे असते. म्हणून उरलेली अर्धी ढाल, म्हणजे उष्णता, वाहते पाणी, स्वच्छता आणि क्लोरीन, ही आपण दुप्पट घट्ट धरली पाहिजे.

दुसरी घरची अडचण पावसाची. अनेक रुग्णालयांच्या गच्चीवर सौर बंब आहेत, आणि ते असावेतच. मे महिन्यात त्यांतले पाणी सहज ६० अंशांच्या वर जाते. पण मृग लागला की? आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. सौर टाकीतले पाणी ३५-४० अंशांवर येऊन थांबते आणि तसेच राहते. जोडीला दिलेली विजेची कॉइल बिलाच्या भीतीने बंद असते, किंवा कधीच जळून गेलेली असते आणि ते कोणाला माहीत नसते. ज्या पावसाळ्यात वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरतात, त्याच पावसाळ्यात गच्चीवर जिवाणूसाठी सर्वांत सोयीचे तापमान तयार होते.

तिसरी अडचण विजेची. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेले. झाडे पडली, खांब पडले, कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात होती. तेव्हा कोविडही जोरात होता. अशा वेळी जनित्रावर ऑक्सिजन चालवायचा की गरम पाण्याचा पंप? उत्तर उघड आहे. पण वीज परत आल्यावर पाइपांत दिवसेंदिवस उभे राहिलेले पाणी आधी वाहून टाकायचे असते, हे कोणाच्या यादीत होते? कोविडच्या काळात बंद ठेवलेले मजले पुन्हा उघडताना साचलेले पाणी सोडून द्या, असा इशारा जगभरच्या आरोग्य यंत्रणांनी दिला होता. तो इशारा वादळालाही तितकाच लागू पडतो.

चौथी अडचण मातीतली. हा जांभ्याचा मुलूख. जांभा म्हणजे लोहाने भरलेला दगड. काही विहिरींच्या पाण्यात लोह उतरते, जुन्या जी. आय. पाइपांना आतून गंज चढतो, आणि जिवाणूला लोह हवेच असते. रुग्णालयातल्या जुन्या शॉवरची तबकडी एकदा फिरवून काढून पाहा. वरून ती स्टीलची चकचकीत दिसते. आतल्या बाजूला पांढरी पापुद्र्यासारखी खर, तिच्या कडेला तांबूस गाळ, आणि बोटाने ओढला तर ताणला जाणारा बुळबुळीत तपकिरी थर. पाण्यात टाकलेला क्लोरीन या थराच्या आत नीट पोहोचत नाही. जिवाणू आणि त्याला पोसणारा अमीबा दोघेही तिथे सुरक्षित असतात.

आपल्याकडे एक गोष्ट चांगलीही आहे. ग्रामीण रुग्णालयात अजून बादली आणि मग यांनीच आंघोळ होते. बादलीतून तुषार कमी उडतात, फुफ्फुसात जाणारे थेंब कमी असतात. पण जिल्हा बदलतो आहे. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, पडव्याला खासगी वैद्यकीय महाविद्यालय आले. अतिदक्षता विभाग, डायलिसिस, केमोथेरपी आता जिल्ह्यातच मिळावी, बांबोळीला किंवा कोल्हापूरला धावावे लागू नये, ही आपली रास्त मागणी आहे. ती पुरी होईल तशी अशक्त प्रतिकारशक्तीची माणसे आपल्याच इमारतींत जास्त राहतील, आणि त्या इमारतींत मध्यवर्ती गरम पाणी असेल, लांबलचक पाइप असतील, शॉवर असतील, कूलिंग टॉवर असतील. उपचार वाढवताना पाण्याची काळजी त्याच वेगाने वाढवायला नको का?

मग करायचे काय? क्रमाने सांगतो.

पहिले, तापमान. साठवण टाकीतले पाणी ६० अंशांवर किंवा त्याच्या वर. ते पाइपांतून फिरून टाकीकडे परत येईल तेव्हाही रुग्णालयात ५५ अंशांच्या खाली नको. सर्वांत लांबच्या वॉर्डातला गरम नळ सोडला की एका मिनिटाच्या आत तिथे ५५ अंश दिसले पाहिजेत. झडप बसवलेली असेल तर हे माप झडपेच्या आधी घ्यायचे. पावसाळ्यात सौर टाकीची कॉइल रोज ६० अंशांपर्यंत चढते की नाही, हे पाहायचे.

दुसरे, वाहते पाणी. जो नळ रोज वापरात नाही, तो आठवड्यातून निदान दोनदा काही मिनिटे पूर्ण सोडायचा, तुषार उडू न देता. बेसिन काढून टाकले, पण पाइप भिंतीत तसाच बूच मारून ठेवला, असे प्रत्येक जुन्या रुग्णालयात असते. पाण्याची ही बंद गल्ली जिवाणूचे माहेर. दुरुस्तीच्या वेळी असा तुकडा मुख्य पाइपापासूनच कापून टाकायचा.

तिसरे, स्वच्छता. शॉवरच्या तबकड्या आणि नळाच्या जाळ्या दर तीन महिन्यांनी काढून, खर उतरवून, निर्जंतुक करायच्या. टाकीच्या तळाचा गाळ ठरलेल्या दिवशी सोडून द्यायचा. गच्चीवरच्या टाक्यांना झाकण, आणि जमेल तिथे सावली. क्लोरीनची मात्रा टाकीपाशी मोजून भागत नाही. शेवटच्या नळाला ती उरते का, ते पाहायचे.

चौथे, रुग्णाच्या खाटेजवळचे पाणी. ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत नळाचे पाणी कधीही नको. नेब्युलायझर धुवायला निर्जंतुक पाणीच. प्रत्यारोपणाच्या, केमोथेरपीच्या रुग्णांच्या नळाला बारीक जाळीचे जिवाणूरोधक फिल्टर. या चौथ्या कामाला मोठे भांडवल लागत नाही, आणि ते उद्या सकाळपासून सुरू करता येते.

तांब्याचे-चांदीचे आयन, क्लोरीन डायॉक्साइड, मोनोक्लोरामाइन या यंत्रणांबद्दल विक्रेते येऊन सांगतील. त्या उपयोगी आहेत, मोठ्या रुग्णालयाने त्यांचा विचार जरूर करावा. पण पिट्सबर्ग विसरू नये. साथ आल्यावर ७० अंशांचे पाणी सगळ्या नळांतून सोडून यंत्रणा धुता येते, तेही उपयोगी. मात्र मूळ कारण तसेच राहिले तर काही आठवड्यांत जिवाणू परत येतो.

आणि तपासणी? ‘पाणी पिण्यास योग्य’ असा दाखला फाइलीत असतो. तो खरा असतो, पण ती तपासणी कोलिफॉर्म आणि ई. कोलाय यांची, म्हणजे मैलापाण्याची. लेजिओनेला त्या तपासणीत दिसत नाही. त्याच्यासाठी कोळशाची पूड घातलेले खास माध्यम लागते आणि निकालाला दहा दिवसांपर्यंत वाट पाहावी लागते. सोय होईल तेव्हा ती तपासणी जरूर करावी. तोपर्यंत तापमानाची नोंद हाच आपला रोजचा पहारा.

डॉक्टर मंडळींना एक विनंती वेगळी करायची आहे. न्यूमोनियाच्या रुग्णाला आपल्याकडे पुष्कळदा सेफ्ट्रिअॅक्झोनबरोबर अॅझिथ्रोमायसिन सुरू केले जाते. रुग्ण बरा होतो, घरी जातो. उत्तम झाले. पण तो कशाने आजारी होता, हे कळले नाही. आणि ज्या नळाने त्याला आजारी केले, तो नळ पुढच्या रुग्णासाठी तसाच राहिला. दाखल झाल्यानंतर दोन दिवस उलटून न्यूमोनिया झालेला प्रत्येक रुग्ण, विशेषतः जुलाब, गोंधळलेपण किंवा रक्तातले सोडियम उतरलेला, हा प्रश्न विचारायला लावणारा आहे. लघवीवरची प्रतिजन चाचणी लवकर उत्तर देते. ती प्रामुख्याने एकाच उपप्रकाराला पकडते, म्हणून नकारार्थी आली तरी संशय सोडू नये आणि थुंकीचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा. एक रुग्ण सापडला की आधी पाण्याकडे जायचे. पुढचे रुग्ण तिथेच थांबवता येतात.

जाता जाता पर्यटनाच्या धंद्यातल्या मंडळींसाठी दोन शब्द. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे. पावसाळ्यात तारकर्ली-देवबागच्या खोल्या बंद राहतात, गिझरमध्ये पाणी तसेच पडून असते, आणि हंगामाचा पहिला पाहुणा थेट त्या शॉवरखाली उभा राहतो. खोली उघडण्याआधी गिझर रिकामा करून, पुन्हा भरून, पूर्ण तापवून, ते पाणी सगळ्या नळांतून सोडून द्यावे. पाहुणा आजारी पडतो तो दोन ते दहा दिवसांनी, मुंबईत किंवा पुण्यात पोहोचल्यावर. युरोपात अशा प्रवासी रुग्णांनी मुक्काम केलेली ठिकाणे देशोदेशी कळवून जुळवली जातात. आपल्याकडे ती जुळणी होत नाही, म्हणून खोली उघडणाऱ्यानेच काळजी घेतलेली बरी.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. हे सगळे करायचे कोणी? सरकारी रुग्णालयाची इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, वीज त्याच विभागाच्या विद्युत शाखेकडे, पाणी नगरपरिषदेचे किंवा ग्रामपंचायतीचे, रुग्ण डॉक्टरांचे, न्हाणीघर सफाई कामगारांचे. गिझर कोणाचा? ज्या वस्तूला पाच मालक असतात, तिचे तापमान एकही मालक मोजत नाही. जगभरातल्या साथींच्या चौकशांत पुन्हा पुन्हा हेच आढळले आहे: जिवाणू माहीत होता, उपाय माहीत होता, जबाबदारीचे नाव कागदावर नव्हते. प्लंबरला जिवाणू माहीत नव्हता आणि डॉक्टरला पाइप माहीत नव्हता. त्या दोघांना महिन्यातून एकदा एका टेबलापाशी बसवणे, हा या विषयातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

थोडक्यात सांगायचे तर लेजिओनेला कोमट आणि साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि कोकणात कोमट पाण्याला तोटा नाही. म्हणून टाकीत ६० अंश, परतीच्या पाइपात ५५ अंश, विसण नळापाशी, बंद नळ आठवड्यातून दोनदा सोडलेला, खाटेजवळ निर्जंतुक पाणी, आणि या सगळ्याची रोजची नोंद.

या सभागृहात रुग्ण कल्याण समित्यांचे सदस्य असतील, नगरसेवक असतील, पत्रकार असतील. त्यांना हात जोडून विनंती आहे. समितीच्या पुढच्या बैठकीत तीनच ठराव मांडा. एक चांगला डिजिटल थर्मामीटर घ्यावा. गरम पाण्याची जबाबदारी एका कर्मचाऱ्याच्या नावावर लेखी द्यावी आणि त्याच्या रजेच्या दिवशी कोण, हेही लिहावे. आणि टाकीचे, परतीच्या पाइपाचे व सर्वांत लांबच्या नळाचे तापमान रोज एका वहीत नोंदवून त्या वहीवर दर आठवड्याला वैद्यकीय अधीक्षकांची सही घ्यावी. मग मृग लागण्यापूर्वी एकदा जाऊन ती वही मागून पाहा. नागरिक म्हणून तो आपला अधिकार आहे, आणि तो आपण सर्वांनी बजावावा.